इंजिन तापलं नव्हतं

मी एक गाडी बोलतेय. बारा सीटची, पांढरी, कमरेवर निळा पट्टा असलेली व्हॅन. बहारीनमधल्या सलमाबादच्या एका गॅरेजमागच्या आवारात मी सध्या उभी आहे. पुढची दोन्ही चाकं कुणीतरी काढून नेली, त्यामुळे नाक मातीत खुपसून उभं राहावं लागतं. आवारातून जाणाऱ्यांना वाटत असेल, हिला कसली तरी शरम वाटतेय. त्यांचं काही चुकत नाही.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाच्या पोटात बसून मी बहारीनच्या मीना सलमान बंदरात उतरले. ते साल नव्वद. कमालभाईंनी मला विकत घेतलं. हे रायगडातल्या म्हसळ्याचे, बहारीनच्या नईम वस्तीत त्यांचं किराण्याचं दुकान. आधी वर्षभर मी तांदळाची पोती आणि सुक्या बोंबलाची खोकी वाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आसपासच्या भारतीय मुलांना ईसा टाउनच्या शाळेत न्यायला गाडी मिळत नाही. माझ्यातला बोंबलाचा वास तीनदा धुऊन काढला, सीटा बसवल्या आणि ड्रायव्हर ठेवला, दत्तू.

दत्तू अकोल्याकडचा, मूर्तिजापूरचा. आयटीआय शिकलेला मेकॅनिक. सडपातळ, ओठांवर बारीक मिशी. पहिल्या दिवशी त्याने माझा आरसा स्वतःच्या रुमालाने पुसला आणि म्हणाला, "चाल बाई, उशीर होऊन ऱ्हायला." तेव्हापासून मी त्याची बाई झाले. माझ्या इंजिनाचा आवाज जरा बदलला, की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

शनिवार ते बुधवार शाळा. शुक्रवारी मात्र माझा थाट वेगळा असायचा. त्या दिवशी मी बेट दाखवायला निघायचे. बँकेतले, ऑफिसांतले, शाळेतले मराठी लोक बायकामुलांसह चढायचे, डबे, चटया, पाण्याचे जग, क्रिकेटची बॅट असं सगळं घेऊन. दत्तू दार उघडायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, आणि गाडी चालू झाली की बोलायला लागायचा.

"आता डाव्या हाताला बघा, आखाताच्या या अरबी बाजूची तेलाची पहिली विहीर." "आता वाळवंट लागलं, आता झाड दिसेल बघा. आजूबाजूला पाणी नाही, विहीर नाही, आणि हे शेकडो वर्षांचं झाड एकटं उभं आहे."

मग ते झाड यायचं. लोक गाडीतून उतरून आधी सावली पकडायचे, मग फोटो काढायचे. इतक्या वर्षांचं झाड बघायला येतात आणि त्याच्याच बुंध्यावर किल्लीने नावं कोरतात, हे मला कधी समजलं नाही. सौदीला जाणाऱ्या पुलाच्या मधोमध एक उंच टॉवर आहे. तिथे वर जाऊन सगळे सौदीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हेच का ते?" पुरातन किल्ल्यात मुलं हरवायची आणि सापडायची. शेवटी जझायरचा किनारा. पाणी पिस्त्याच्या रंगाचं, उथळ. बायका साड्या पोटरीपर्यंत खोचून शिरायच्या, पुरुष पँट दुमडून लांबच उभे राहायचे आणि शेवटी तेच जास्त भिजायचे. त्यांची वाळू माझ्या पोटात मंगळवारपर्यंत खडखडत राहायची.

लोक पाण्यात असले की दत्तू माझ्यात बसून आपला डबा खायचा. मग एक छोटा टेपरेकॉर्डर काढायचा, खिडकी उघडायचा आणि बोलायला लागायचा. त्याची बायको कांता गावी होती. दोन मुलं, सुजीत आणि मैत्री. पत्रात त्याला फार लिहिता येत नसे, म्हणून तो कॅसेट भरून पाठवायचा.

"जयभीम कांता. आयकू येते का? हा समुद्र हाय. असा आवाज असते त्याचा. तू आली न, म्हंजे तुले इथंच आनतो. पाय बुडवजो. पानी खारं असते, डोये झोंबते."

इथवर सगळं खरं होतं. पण एका शुक्रवारी, त्र्याण्णव साल असेल, तो म्हणाला, "आता मी सुपरवायझर झालो, कांता. माह्या हाताखाली चार डायवर हायत. आज ऑफिसच्या गाडीनं हवा खाले आलो."

चार ड्रायव्हर! मी आणि तो, एवढंच तर आमचं ऑफिस होतं. पण खरं सांगते, 'ऑफिसची गाडी' हे शब्द ऐकून मला गुदगुल्या झाल्या. मी त्या खोट्यात त्याच दिवशी सामील झाले.

कांताच्या कॅसेट यायच्या, त्या तो माझ्या टेपवर लावायचा. तिचा आवाज जाड, ठाम. मागे कोंबड्यांचा कलकलाट. "मैत्रीले सांगतलं, तुहे बाबा सायेब झाले. शायेत सगयाईले सांगत फिरते." दत्तू ते ऐकताना आवाज कमी करायचा. एकटा असला तरी.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात कांता आली. महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर. कमालभाईंनी सगळी धावपळ केली, दुकानावरची रिकामी खोलीही दिली, कारण दत्तू एरवी सलमाबादला सहा जणांच्या खोलीत राहायचा. ती यायच्या आदल्या दिवशी दत्तू कमालभाई आणि त्यांच्या बायको जमीलाभाभींसमोर उभा राहिला. मी दुकानासमोरच होते.

"भाभी, एक मेहरबानी करा. मी सुपरवायझर हाय, एवढं तिच्यापुढं सांभाळून घ्या."

जमीलाभाभी हातातली कोथिंबीर निवडायची थांबल्या. "भाई, बायकोशी खोटं? कशापायी?"

"तीन वर्षं झाली सांगून. आता कसं फिरवू?"

कमालभाई मान हलवत म्हणाले, "खलास. आमी काय बोलनार नाय. पण तू बरोबर नाय करत."

विमानतळावर तिला आणायला दत्तूने टॅक्सी केली. पाच वर्षं त्याचे घामाचे हात माझ्या स्टीअरिंगवर होते, पण त्याची बायको आली तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे लपवलेली होते. पूर्ण महिना मी तिथेच उभी राहायचे. सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाइल घेऊन यायचा, माझ्या मागच्या सीटवर बसून शर्ट बदलायचा, ड्रायव्हरचा खाकी शर्ट चढवायचा आणि म्हणायचा, "चाल बाई." माझ्याकडे बघायचा नाही.

कांता दुकानावरच्या खोलीत राहिली. जमीलाभाभींशी तिचं लगेच जमलं. ही त्यांना ठेचा करून द्यायची, त्या हिला तांदळाच्या भाकऱ्या शिकवायच्या. पण महिनाभरात तिने बेटाचं काय पाहिलं? कॉर्निशच्या, म्हणजे शहरातल्या समुद्रकाठच्या रस्त्याच्या कट्ट्यावरून, दगडांच्या राशीपलीकडे पसरलेलं राखाडी पाणी. ते बघून ती म्हणाली, "हाच का समुद्र? यात पाय कुठून टाकाचा?" दत्तू म्हणाला, "हा नाई. तो दुसरीकडे हाय. शुक्रवारी नेतो."

पहिल्या शुक्रवारी ऑफिसचं इन्स्पेक्शन निघालं. दुसऱ्या शुक्रवारी साहेबाकडे पाहुणे. तिसऱ्या शुक्रवारी त्याने कारणही नीट दिलं नाही. त्या तिन्ही शुक्रवारी मी भरून वाहत जझायरला गेले. दत्तूने दुसऱ्यांच्या बायकांना हात देऊन उतरवलं, दुसऱ्यांच्या मुलांची ओकारी पुसली, आणि डबा खाल्ला नाही. टेपरेकॉर्डरही काढला नाही. सांगायला कोण होतं तिकडे? ती तर नईमच्या खोलीत बसली होती.

चौथा शुक्रवार शेवटचा. सोमवारी तिचं विमान. गुरुवारी कमालभाई दुकानातून बाहेर आले आणि त्यांनी माझ्या नाकावर थाप मारली.

"दत्तू, उद्या गाडी कुणाला नाय द्यायची. तुझ्या घरच्यांना घेऊन जा. ड्रायव्हर रजेवर हाय म्हनून मी चालवतो, असं सांग. आणि काय ते सांग, पण ने."

शुक्रवारी सकाळी कांता पहिल्यांदा माझ्यात चढली. मोरपंखी रंगाची नवीन साडी, केसांना तेल, हातात स्टीलचा डबा. ती पुढे बसली. दोन पुढच्या सीटांच्या मधे, खाली माझं इंजिन असतं. त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर रेक्झिनचा तुकडा. तिने डबा त्या झाकणावर ठेवला आणि सगळीकडे नजर फिरवली. "चांगली हाय ऑफिसची गाडी," ती म्हणाली. दत्तूने किल्ली फिरवली.

रिफा गेलं, अवाली गेलं, सखीरचं माळरान लागलं. हळूहळू दत्तू मोकळा झाला. तेलाची विहीर दाखवली. आधी पाणी, मग झाड असं ठरलं. कांता खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होती. "वास येऊन ऱ्हायला का हो समुद्राचा?" तिने विचारलं. तो हसला. महिन्यात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

वळण घेतलं आणि पाणी दिसलं. पिस्त्याच्या रंगाचं, चमकणारं. कांता सीटवरून अर्धी उठली. "बाई गऽ!"

आणि त्याच वेळी दत्तूला ते लोक दिसले. किनाऱ्यावर चटया पसरलेल्या होत्या. शाळेतल्या लीनाबाई, त्यांचे यजमान हेमचंद्र, आणखी दोन घरं. आमचे नेहमीचे लोक. त्या दिवशी मी मिळाले नाही म्हणून कुणाच्या तरी मोटारींतून आले होते. लीनाबाईंनी मला लांबूनच ओळखलं. त्या उठून दोन्ही हात हलवायला लागल्या. हेमचंद्रही उभे राहिले. "दत्तूऽ! ए दत्तू!"

पाणी माझ्यापासून दोनशे पावलांवर होतं.

दत्तूने ब्रेक दाबला. त्याच्या तळव्यांना घाम फुटला, स्टीअरिंग ओलं झालं. आता ते येतील, 'काय दत्तू, आज सुट्टीवर का' म्हणतील, कुणी जग उचलायला सांगेल, कुणी मुलाला बाथरूमला नेऊन आण म्हणेल. हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. त्याने गिअर टाकला आणि मला वळवलं.

"काय झालं?" कांता म्हणाली.

"इंजिन तापलं. आता थांबलो तं बंद पडन. वापस जा लागते."

माझा तापमानाचा काटा मधोमध होता. माझ्या पोटात पाणी भरलेलं होतं. मी तापले नव्हते.

कांताने काट्याकडे बघितलं नाही. तिने डबा उचलून मांडीवर घेतला आणि आपला तळहात त्या पत्र्याच्या झाकणावर ठेवला. जिने आयुष्यभर तव्यावर भाकरी टाकली, तिला पत्रा तापलाय की नुसता कोमट आहे, हे वेगळं कोण सांगणार? तिचा हात बराच वेळ तिथे होता. मग तिने तो काढला, पदराला पुसला आणि बाहेर बघत राहिली. झाड बघायचंही राहिलंच.

माझा गुन्हा हा असा. तोपर्यंत मी किती वेळा नको तिथे बंद पडले होते! रिफाच्या सिग्नलला, शाळेच्या दारात, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी मी एकदा अडून बसले असते, तर तो काय करणार होता? त्याला खाली उतरावंच लागलं असतं, ते लोक धावत आले असते, सगळं उघडं पडलं असतं आणि कांता पाण्यापर्यंत चालत गेली असती. पण मी वळले. त्याने सांगितलं तशी, मुकाट्याने.

सोमवारी ती गेली.

जानेवारीत तिची कॅसेट आली. बुधवारी दुपारी, मुलांना सोडून झाल्यावर दत्तूने ती दुकानासमोर माझ्या टेपवर लावली.

"जयभीम. आमी सगये चांगले हाओत. गावात म्या सांगतलं, समुद्र पाह्यला. पाय बुडवले म्हनलं. ते झाडबी पाह्यलं म्हनलं. तुमच्या कॅसेटीत आयकलं होतं, तेच सांगतलं. कोनाले संशय नाई आला."

मग तिचा आवाज हळू झाला.

"तुमी डायवर हा, हे मले दुसऱ्याच दिवशी समजलं. गच्चीवर कपडे वायू घालाले गेल्ती. तुमी पलीकडच्या गल्लीत लेकराईले गाडीत चढवत होते. एका लहान्या पोरीची पाण्याची बाटली तुमी तिच्या गयात नीट अडकवली. मले लय बरं वाटलं. जमीलाभाभीनं काई सांगतलं नाई, तिले बोलू नका. मले वाटलं, तुमी सोताच सांगसान. वाट पाह्यली.

"त्या दिवशी इंजिन तापलं नोतं. म्या हात लावून पाह्यला. ते लोक पाहून तुमी गाडी फिरवली. खोलीवर येऊन म्या आरशात पाह्यलं. साडी तं नवी होती. मंग माह्यात काय कमी होतं, का तुमाले माही लाज वाटली, हे काई मले समजलं नाई. समजलं तं सांगजा. नाई सांगतलं तरी चालते."

कॅसेट संपली, टेपचं बटण खटकन वर आलं. दत्तूने कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं आणि माझा हॉर्न वाजायला लागला. त्याला ते कळलंही नाही. जमीलाभाभी धावत बाहेर आल्या. त्यांनी त्याला खांद्याला धरून मागे सारलं, तेव्हा हॉर्न थांबला.

"भाभी, तिले वाटलं मले तिची लाज वाटली," तो म्हणाला. "तिची! अवो, मले माही सोताची..."

भाभींना सगळं ठाऊकच होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "भाई, आता टेपमधे नको बोलू. फोन कर. ती ऐकत असताना बोल."

दुकानाच्या कोपऱ्यावर टेलिफोनचा बूथ होता. दत्तूने मला त्याला लागून उभं केलं. गावात शेजाऱ्यांकडे फोन होता, कांताला बोलवायला माणूस गेला, पाच मिनिटांनी पुन्हा लावला. बूथचं दार नीट लागत नसे, त्यामुळे त्याचं बोलणं मला ऐकू आलं.

"कांता, मी डायवर हाय. सुपरवायझर नाई, कोनी नाई. इंजिन तापलं नोतं... हाव, ते लोक माह्या गाडीत बसतेत. ते मले तुह्यासमोर काम सांगतीन, याची लाज वाटली. तुही नाई. तुही कदीच नाई... नाई, रडून नाई ऱ्हायलो."

रडतच होता. मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. बाहेर आला, माझ्यात बसला, पण किल्ली फिरवली नाही. माझ्या डॅशबोर्डकडे बघत म्हणाला, "म्हन्ते, मले सांगून काय होते. मले तं माहीतच होतं. त्या लोकाईले सांगा म्हन्ते, की त्या दिवशी माही बायको संग होती."

शुक्रवारी लीनाबाई, हेमचंद्र आणि बाकीचे चढले. त्या दिवशी दत्तू तेलाच्या विहिरीपाशी बोलला नाही, झाडापाशी बोलला नाही. जझायरच्या त्या वळणावर त्याने मला थांबवलं आणि मागे वळून बसला.

"बाई, साहेब, एक सांगायचं होतं. नोव्हेंबरात तुम्ही इथून हात केला होता. मी बघितला होता. मी गाडी वळवून पळून गेलो. माझी बायको होती सोबत, कांता. तिनं कधी समुद्र बघितला नव्हता. मी ड्रायव्हर आहे हे तिला कळेल म्हणून मी तिला इथून परत नेलं. अजूनही तिनं बघितला नाही."

हेमचंद्रांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

लीनाबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तुम्हाला दुसरं भाडं असेल." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारख्या, "पाच वर्षं आम्ही तुमच्या गाडीतून फिरतोय दत्तूभाऊ. तुमचं लग्न झालंय, हेसुद्धा कधी विचारलं नाही आम्ही."

दत्तूने गाडी चालू केली. त्या दिवशी जग लीनाबाईंनी स्वतः उचलला. दत्तूला त्यांनी चटईवर बोलावलं, तो गेलाही. पण अवघडून बसला आणि पाण्याकडे पाठ करून जेवला.

कांता पुन्हा बहारीनला आली नाही. त्याने दोनदा बोलावलं. एकदा मैत्रीची परीक्षा होती, एकदा सासू आजारी पडली. मग यंदा, नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये, दत्तूच नोकरी सोडून गावी निघून गेला. जाताना त्याने माझं ऑइल बदललं, आरसा पुसला आणि नव्या ड्रायव्हरला सांगितलं, "हिले गिअर हळू टाकजा." नव्या ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. सहा महिन्यांत माझा गिअरबॉक्स गेला आणि कमालभाईंनी मला इथे आणून सोडलं.

त्याआधी एक दिवस जमीलाभाभी माझ्या दारात बसून दत्तूचं पत्र कमालभाईंना वाचून दाखवत होत्या. तो आता मूर्तिजापूरला शाळेचीच गाडी चालवतो. कांता कधी कधी पुढच्या सीटवर बसून बाजाराला जाते. मुंबईला जाऊन समुद्र पाहायचं दोघांचं ठरतंय, पण अजून काही गेलेली नाहीत. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'आता गावात कोणी विचारलं तर कांता खरं सांगते. बहारीनला गेली होती, समुद्र पाहायचा राहिला म्हणते. लोक विचारतात कसा काय राहिला, तेव्हा ती माझ्याकडे बघते आणि उत्तर मला द्यावं लागतं.'

येत्या आठवड्यात माझे भाग सुटे करणार आहेत. त्याचं मला फार दुःख नाही. जाण्यापूर्वी तुमच्यापाशी एक मागणं आहे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुणाच्या तरी गाडीत बसून किल्ले, झाडं, समुद्र बघायला जाल. पाण्यातून परत याल तेव्हा ड्रायव्हर गाडीत बसून डबा खात असेल. त्याला विचारा, तुमच्या घरच्यांनी हे पाहिलंय का? तो हसेल, 'हो, पाहिलंय की' म्हणेल.

पुन्हा एकदा विचारा.